काडेपेटीच्या लेबलांची वेबसाइट: लॅपटॉपवर नीट दिसते, ऑनलाइन निम्मे फोटो गायब

काडीमोड:
काडेपेट्यांच्या लेबलांचा संग्रह आहे, साधारण ३०० नग. बरीचशी शिवकाशीची, थोडी अंबरनाथच्या विमको कंपनीची. एचटीएमएल-सीएसएस शिकत साइट करतोय, गिटहब पेजेसवर (गिटहबच्या साइट ठेवायच्या सेवेवर) ठेवली आहे. सध्या २० लेबलं चढवलीत. अडचणी अशा:
१) लॅपटॉपवर सगळे फोटो दिसतात, ऑनलाइन निम्म्यांच्या जागी तुटलेली चौकट.
२) एका पानावर मराठीऐवजी नुसती प्रश्नचिन्हं. जुन्या डीटीपी फाइलमधून कॉपी केलेल्या मजकुराचा तर रोमन अक्षरं आणि चिन्हांचा काला झालाय.
३) दर लेबलाला एक पान म्हणजे ३०० पानं हाताने लिहायची का?
वर्डप्रेस नको, स्वतः लिहायचंय.

अर्धविराम:
निम्मेच गेलेत म्हणजे बहुतेक कॅपिटल-स्मॉलचा घोळ. विंडोजला फाइलच्या नावातलं कॅपिटल आणि स्मॉल अक्षर सारखंच, गिटहबच्या सर्व्हरला मात्र त्या दोन वेगळ्या फाइली. बरेच कॅमेरे फाइलच्या शेवटचं जेपीजी कॅपिटलमध्ये लिहितात आणि आपण टॅगमध्ये स्मॉल टाइप करतो. एफ-१२ दाबा, नेटवर्क टॅब उघडा, पान रिफ्रेश करा. ज्या ओळीवर ४०४ (फाइल सापडली नाही) दिसेल तिच्यातला पत्ता आणि गिटहबवरचं फाइलनाव अक्षरन् अक्षर ताडून पाहा.

दुरुस्त करताना एक मेख आहे. विंडोजवर नुसतं कॅपिटलचं स्मॉल केलं तर गिटला (बदलांची नोंद ठेवणाऱ्या प्रोग्रॅमला) बहुतेक वेळा बदल झाल्याचा पत्ताच लागत नाही. आधी भलतंच नाव देऊन कमिट (बदलाची नोंद) करा, मग हवं ते नाव देऊन पुन्हा कमिट. पुढे सगळी नावं स्मॉलमध्ये, स्पेसशिवाय ठेवा.

सगळेच फोटो गेले असते तर संशय पत्त्याच्या सुरुवातीच्या / वर घेतला असता. रिपॉझिटरीला (गिटहबवरच्या तुमच्या प्रोजेक्ट फोल्डरला) ‘युजरनेम डॉट गिटहब डॉट आयओ’ हेच नाव नसेल तर साइट उपफोल्डरात बसते, आणि तो / ब्राउझरला उपफोल्डर सोडून थेट मुळाशी नेतो. टॅगमध्ये कुठे सी ड्राइव्हचा पत्ता राहिलाय का, तेही बघून घ्या.

रात्रपाळी:
प्रश्नचिन्हांचं पान पुन्हा टाइप करावं लागेल, इलाज नाही. फाइल एएनएसआय एन्कोडिंगमध्ये (अक्षरं साठवण्याच्या जुन्या पद्धतीत) सेव्ह झाली की देवनागरी अक्षरं तिथेच पुसली जातात, नंतर काहीही केलं तरी परत येत नाहीत. जुन्या नोटपॅडचा डीफॉल्ट तोच होता. सेव्ह करताना यूटीएफ-८ निवडा आणि हेड टॅग उघडल्या उघडल्या कॅरसेटचा, म्हणजे एन्कोडिंग कोणतं ते ब्राउझरला सांगणारा, मेटा टॅग टाका.

डीटीपीचा मजकूर हरवलेला नाही. तो श्रीलिपीसारख्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटात असणार. कन्व्हर्टरमधून काढा, पण रफार आणि पहिली वेलांटी डोळ्यांनी तपासा. गडबड बहुतेक तिथेच होते.

आता सीएसएस. मराठीला लेटर-स्पेसिंग देऊ नका, शिरोरेषा तुटते. इंग्रजी टेम्पलेटमधून उचललेल्या शीर्षकांत हे हमखास असतं. लाइन-हाइट १.६ ते १.७ ठेवा, नाहीतर वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या मात्रांना भिडतात. एचटीएमएल टॅगमध्ये भाषा ‘एमआर’ लिहा. काही फाँट त्यावरूनच ल आणि श मराठी वळणाचे काढतात.

चकमक:
३०० पानं कशाला? दोन पुरतात. एका जावास्क्रिप्ट फाइलमध्ये ॲरे (यादी) करा, दर लेबलाला एक ऑब्जेक्ट (नोंद): क्रमांक, नाव, गाव, चित्र कशाचं, टीप. फोटोंना १ ते ३०० नावं द्या आणि शेवटचं जेपीजी स्मॉलमध्येच ठेवा, म्हणजे क्रमांकावरून फाइल आपोआप जुळते आणि वर सांगितलेला कॅपिटलचा घोळही उरत नाही. पहिलं पान ॲरेवर लूप फिरवून छोटे फोटो मांडेल. दुसरं पान पत्त्यातला ‘?आयडी=१७’ हा भाग वाचून त्या लेबलाची माहिती दाखवेल. आकडे मात्र इंग्रजी टाका, फाइलनावांतही आणि पत्त्यातही.

जेसन फाइल (नुसत्या माहितीची) आणि ती वाचणारी फेच कमांड वापरायचा मोह होईल. पण पान डबल-क्लिक करून उघडलं की ब्राउझर फेच अडवतो, आणि नवशिक्याची संध्याकाळ त्यातच जाते. साधी जावास्क्रिप्ट फाइल स्क्रिप्ट टॅगने जोडा, लॅपटॉपवर आणि ऑनलाइन दोन्हीकडे चालते. एखादा स्वल्पविराम किंवा अवतरणचिन्ह सुटलं तर अख्खी यादी गायब होईल. घाबरू नका, एफ-१२ मधला कन्सोल टॅब ओळ क्रमांक सांगतो.

काडीमोड:
पहिला प्रश्न सुटला, कॅपिटलच होतं. आता उरलेली २८० लेबलं स्कॅन करू की मोबाइलने फोटो काढू?

अर्धविराम:
स्कॅन, ६०० डीपीआयला (इंचाला ६०० ठिपके). ५० × ३५ मिमीच्या लेबलाचे साधारण ११८० × ८३० पिक्सेल मिळतात, स्क्रीनला भरपूर. कमी डीपीआयला छपाईच्या ठिपक्यांची जाळी उमटते. ‘डीस्क्रीन’ पर्याय असेल तर चालू करा. जेपीईजी क्वालिटी ८० ठेवा. फाइल ३०० केबीची धरली तरी सगळी मिळून ९० एमबी होतील, गिटहब पेजेसची मर्यादा १ जीबी आहे. यादीच्या पानासाठी ३०० पिक्सेल रुंदीच्या वेगळ्या प्रती करा, टॅगमध्ये रुंदी-उंची लिहा आणि लोडिंग ‘लेझी’ ठेवा. रुंदी-उंची नसेल तर फोटो येईल तसं पान खाली उड्या मारतं.

मोबाइलचे फोटो वापरलेच तर आधी मेटाडेटा (फाइलमध्ये दडलेली माहिती) काढून टाका. लोकेशन चालू असेल तर त्यात घराचे अक्षांश-रेखांश असतात. आणि एकदा पब्लिक रिपॉझिटरीत कमिट झालेली फाइल नंतर डिलीट केली तरी गिटच्या इतिहासात राहते.