एक प्यादं जास्त, तरी बरोबरी

प्यादं जास्त असूनही बारा वर्षांखालच्या मुलांच्या एका बुद्धिबळाच्या डावात पांढऱ्याने बरोबरी का मान्य केली, असं विचारलं गेलंय. त्या मुलाला दोष देऊ नका. पांढरा राजा डी५ (अक्षर म्हणजे उभी रांग, आकडा म्हणजे आडवी ओळ), हत्ती ए७, प्यादं ई५. काळा राजा ई८, हत्ती बी६. ही अठराव्या शतकातल्या फ्रेंच बुद्धिबळपटू फिलिडोरच्या नावाने ओळखली जाणारी बरोबरीच आहे.

खरं कौतुक काळ्याचं. त्याचा हत्ती सहाव्या ओळीत असेपर्यंत पांढऱ्या राजाला पुढे सरकता येत नाही. प्यादं ई६ वर आलं की लगेच हत्ती बी१, आणि मग मागून शहावर शह. राजाला लपायला प्याद्यापुढची जागाच उरत नाही. मुलं इथेच घाई करतात, प्यादं सरकायच्या आधीच हत्ती खाली नेतात. मग बचाव फार अवघड होतो.

असे शह देताना तीच स्थिती तिसऱ्यांदा येत असेल तर बरोबरीचा दावा करताना खेळी फक्त लिहायची, मोहऱ्याला हात लावायचा नाही, घड्याळ थांबवून पंचांना बोलवायचं. मोहऱ्याला हात लावला की त्या खेळीपुरता हक्क गेला. दावा चुकला तर प्रतिस्पर्ध्याला दोन मिनिटं जास्त मिळतात.