'व्हेन' नंतर 'विल' नेमकं कधी चालतं?

हळदपेठ_सांगली
दहावीच्या मुलांना नियम सांगितला जातो: व्हेन, इफ, आफ्टर, अंटिल आलं की त्या वाक्यात विल नको. मुलं पाठ करतात. मग 'आय डोन्ट नो व्हेन ही विल रिटर्न' समोर आलं की तिथलंही विल खोडतात. अपवादांची यादी न देता हे शिकवायचं कसं? आणि 'ही सेड' नंतर सगळंच भूतकाळात जातं का?

माहुलीकर
नियम शब्दाला लावला की फसतो. तो गौणवाक्याच्या कामाला लावा. मुख्य क्रियापदाला प्रश्न विचारायचा.

'आय विल कॉल यू व्हेन आय रीच कराड.' फोन कधी करीन? उत्तर 'कधी'चं, म्हणजे क्रियाविशेषण वाक्य. भविष्य मुख्य वाक्यातल्या विलने सांगून झालंय, गौणवाक्यात साधा वर्तमान.

'आय डोन्ट नो व्हेन ही विल रिटर्न.' काय माहीत नाही? हे नामवाक्य, कर्माच्या जागी बसलेलं. त्याला स्वतःचा काळ लागतो, म्हणून विल हवंच.

इफचंही तेच. 'आस्क हिम इफ ही विल कम' मध्ये इफच्या जागी व्हेदर घालून बघा. अर्थ तोच राहिला, तर विल चालेल. 'इफ इट रेन्स, वी विल स्टे होम' मध्ये व्हेदर बसतच नाही.

आपल्या मुलांची चूक दोन्ही बाजूंनी होते. 'तू येशील तेव्हा मी जाईन' वरून 'व्हेन यू विल कम', आणि 'पोचलो की फोन करतो' वरून 'आय विल कॉल यू व्हेन आय रीच्ड'. दुसरी चूक तपासताना सहज निसटते.

काम पुरं झाल्यावरच पुढचं होणार असेल, तर हॅव घ्या: 'आय विल रिटर्न द बुक व्हेन आय हॅव रेड इट.' इथे नुसतं 'रीड' लिहिलं तर वाचन चालू असतानाच पुस्तक परत करणार, असं वाटतं. आफ्टर असेल तर दोन्ही चालतात. क्रम तो शब्दच सांगतो.

घाटमाथा
'ही सेड' बद्दल. आधी मुख्य क्रियापद बघा. 'ही सेज' किंवा 'ही विल से' असेल तर आत काहीच हलत नाही. 'सेड' असेल तर इजचं वॉज, विलचं वुड, हॅज गॉनचं हॅड गॉन.

न हलणारी दोन ठिकाणं. एक, कायम खरी गोष्ट: 'द टीचर सेड दॅट द कृष्णा राइजेस ॲट महाबळेश्वर.' दोन, साल दिलेली जुनी घटना: 'द गाइड सेड दॅट शाहू महाराज वॉज क्राउन्ड ॲट सातारा इन 1708.' इथे 'हॅड बीन क्राउन्ड' चूक नाही, पण उगाच जड होतं. आधी काय, नंतर काय हे सालानेच कळतं. 'ही सेड ही लिव्ह्ज इन वाई' बोलण्यात बरोबर आहे, तो अजून तिथेच राहत असेल तर. परीक्षेत मात्र लिव्हडच लिहायला सांगा, वाद नको.

खरी गंमत दोन्ही नियम एकत्र आल्यावर. 'आय विल कॉल यू व्हेन आय रीच' याचं अप्रत्यक्ष कथन: 'ही सेड दॅट ही वुड कॉल मी व्हेन ही रीच्ड.' हुशार मुलंही 'व्हेन ही वुड रीच' लिहितात. मुळात जिथे विल नव्हतं तिथे वुड येणार कुठून? मुलांना आधी मूळ वाक्य लिहायला लावा, मग एकेक क्रियापद एक पायरी मागे.

हळदपेठ_सांगली
कधी-काय ही कसोटी पटली. पण 'इफ यू विल वेट हिअर' असंही ऐकलंय. ते?

माहुलीकर
तिथलं विल भविष्याचं नाही, तयारीचं: 'जरा थांबता का'. विनंतीपुरतं ठीक आहे, दहावीत उकरू नका.

त्यापेक्षा अंटिलवर वेळ द्या. 'तो येत नाही तोपर्यंत थांब' यातला 'नाही' मुलं इंग्रजीत घेऊन जातात: 'वेट अंटिल ही डझ नॉट कम'. बरोबर वाक्य 'वेट अंटिल ही कम्स'. नकार अंटिलच्या आतच आहे. अनलेसचंही तसंच: 'अनलेस यू डोन्ट स्टडी' नव्हे, 'अनलेस यू स्टडी'.