प्रतिसाद: ‘रील द्यु पांद्यु’ची कथा आणि जुळणी

‘रील द्यु पांद्यु’ ही कॅनडातल्या फ्रेंचभाषक क्वेबेक प्रांतातली, फिडलवर (लोकसंगीतातल्या व्हायोलिनवर) वाजणारी नाचाची धून. फाशीच्या कैद्याने वाजवलेली ही धून मुळात स्कॉटिश असावी, असं या चर्चेत आधी कुणीतरी सुचवलं आहे. मला ते पटत नाही. १७०० साली स्कॉटलंडमधल्या बॅन्फ गावी फाशी गेलेल्या जेम्स मॅकफर्सनने फाशीआधी फिडल वाजवल्याची आख्यायिका वेगळी आहे. तो वादक होताच, आणि तो वाचला नाही. क्वेबेकच्या कथेत मात्र कैद्याच्या हाती बेसूर फिडल देतात, ‘वाजवून दाखव, सोडून देतो’ म्हणतात, आणि तो सुटतो!

कथेपेक्षा मोलाची आहे ती तारांची जुळणी, म्हणजे चार तारा कोणत्या स्वरांत लावायच्या ते. नेहमीच्या जी-डी-ए-ई ऐवजी ए-ई-ए-सी शार्प. ए ला षड्ज मानलं तर खर्जाकडून सा-प-सा-ग. मोकळ्या तारांतूनच अख्खा मेजर कॉर्ड (सा-ग-प एकत्र) घुमतो. ‘बेसूर’ फिडलची गोष्ट या जुळणीतूनच सुचली असावी, असं मला मनापासून वाटतं.

या धुनेचे पाठभेद ऐकायचे तर आधी क्वेबेकचा फिडलवादक झाँ कारिन्याँ (१९१६–१९८८) ऐकाच. माँट्रियलमध्ये टॅक्सी चालवणारा, फिडलवादक जोसेफ आलारचा हा शिष्य एकेक भाग असा फुलवत नेतो की थक्क व्हायला होतं. अमेरिकन ओल्ड-टाइम (तिथल्या जुन्या लोकसंगीताचे) वादकही ही धून याच जुळणीत वाजवतात.