मदत हवी आहे : बूट झाल्यावर कन्सोलवरील ₹ चिन्ह नाहीसे होते, फॉन्ट कोणत्या टप्प्यावर बसवावा?

नमस्कार. रावेर तालुक्यातील आमच्या केळीच्या काट्यावर एक जुना संगणक आहे. त्यावर डेबियन १२ (लिनक्स) असून ग्राफिकल डेस्कटॉप मुद्दाम टाकलेला नाही. भरल्या व रिकाम्या गाडीचे वजन आणि क्विंटलचा भाव घातला की शेतकऱ्याची पट्टी तयार करणारा मी लिहिलेला प्रोग्रॅम थेट कन्सोलवर, म्हणजे फक्त अक्षरे दाखवणाऱ्या पडद्यावर, चालतो. पट्टी छापण्यापूर्वी शेतकरी स्क्रीनवर आकडे स्वतः वाचतो, त्यामुळे वजन कोणते आणि रक्कम कोणती हे ₹ चिन्हावरून त्याला चटकन कळणे मला महत्त्वाचे वाटते.

कीबोर्डची अडचण नाही. लेआउट ‘इन’ आणि व्हेरिएंट ‘ईएनजी’ ठेवला आहे. उजवी ऑल्ट दाबून ४ दाबल्यावर ₹ चे ई२, ८२, बी९ हे तिन्ही बाइट फाइलीत बरोबर उतरतात, म्हणजे युनिकोड मोडही चालू आहे. फॉन्ट २५६ चिन्हांचा असून त्यातील एका नको असलेल्या चिन्हाच्या जागी मी ₹ रेखाटले आणि युनिकोड तक्त्यात २०बी९ (₹ चा युनिकोड क्रमांक) ही नोंद केली. (५१२ चिन्हांचा फॉन्ट घेतला तर अक्षरांचे रंग १६ वरून ८ वर येतात. देवनागरीचा आग्रह सोडला, कारण कन्सोल जोडाक्षरे जुळवत नाही.)

अडचण बूट होताना येते. पहिले काही क्षण माझा फॉन्ट दिसतो, मग पडदा काळा होऊन अक्षरे बदलतात आणि ₹ च्या जागी चौकट उरते. लॉगमध्ये फॉन्ट बसवणारी कन्सोल-सेटअप सेवा आधी पूर्ण होते आणि आय९१५ (इंटेल ग्राफिक्सचा) ड्रायव्हर कन्सोल त्यानंतर ताब्यात घेतो, असा क्रम दिसतो. रूट (प्रशासक) म्हणून ‘सेटअपकॉन’ ही फॉन्ट पुन्हा बसवणारी आज्ञा चालवली की सगळे ठीक होते. परंतु आमच्याकडे वीज दिवसातून दोन-तीनदा जाते आणि काट्यावरील दिवाणजींना दरवेळी ही आज्ञा द्यायला लावणे योग्य नाही.

मला दोन मार्ग दिसतात : आय९१५ चे नाव इनिटरॅमएफएसच्या (बूटच्या सुरुवातीला मेमरीत चढणाऱ्या छोट्या फाइल-संचाच्या) मॉड्यूल-यादीत घालून ‘अपडेट-इनिटरॅमएफएस’ चालवणे, म्हणजे ड्रायव्हर फॉन्टच्या आधीच येईल, किंवा ‘सेटअपकॉन’ पुन्हा चालवणारी सिस्टमडी (बूट होताना सेवा सुरू करणारी प्रणाली) सेवा लिहिणे. पहिला मार्ग मुळावर उपाय करणारा वाटतो, पण ऐन कापणीत यंत्र बूटच झाले नाही तर गाड्या खोळंबतील, ही धास्ती आहे. दुसऱ्या मार्गात ती सेवा नेमकी कशानंतर लावावी? ठरावीक सेकंद थांबवणे मला भरवशाचे वाटत नाही. कोणी हे प्रत्यक्ष केले असल्यास कृपया सांगावे. बूटचा पूर्ण लॉग लगेच देतो.