बेळगावहून पोर्तुगाल : कंपनीबरोबर जावं की आपलं आपण?

टिळकवाडीची बाई

नमस्कार मंडळी. आमचा व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर सकाळी फिरायला येणाऱ्यांचा ग्रुप आहे. तीन जोडपी, दोघी जावा-जावा आणि मी. सगळे साठीच्या आसपास, एक काका पंचाहत्तरीचे. काशी झाली, अंदमान झालं, दुबई झाली. आता युरोप डोक्यात घेतलाय. स्वित्झर्लंड-पॅरिस तर गल्लीतले सगळेच करून आलेत, आपण आयुष्यभर गोव्याला जातोय तर ते पोर्तुगीज आले कुठून ते तरी बघूया की, असं एका वैनींनी काढलं आणि सगळ्यांनी माना डोलावल्या.

एका टूर कंपनीनं जो कार्यक्रम दिलाय तो स्पेन-पोर्तुगाल एकत्र आहे. बार्सिलोना, माद्रिद, सेव्हिल, आणि शेवटी लिस्बनला एक रात्र. पोर्तुगाल बघायला निघालो आणि पोर्तुगाल चटणीएवढंच ताटात, असं झालंय.

नुसतं पोर्तुगाल करण्यासारखं आहे का? दोघी माळकरी आहेत, अंडंसुद्धा चालत नाही, त्यांचं काय? माझे दोन्ही गुडघे कुरकुरतात. आणि व्हिसाचं कुठं बघायचं? कुणी जाऊन आलं असेल तर जरा सविस्तर लिहा.

हिंदवाडीवाला

बाई, सरळ कंपनीबरोबर जावा. एवढ्या लांब जाऊन दोन्ही देश बघून होतात. मराठी बोलणारा टूर मॅनेजर असतो, संध्याकाळी वरण-भात मिळतो, कुणाचा पासपोर्ट हरवला तर धावपळ तो करतो. आपलं आपण गेल्यावर नऊ माणसांची नऊ तोंडं. बायका दुकानात, पुरुष बाकावर, आणि बस निघून गेलेली. काकांचं वय बघता धाडस नको. लिस्बनला एक रात्र पुरते हो, नदी बघायची, तो बेलेमचा बुरूज बघायचा, झालं.

खानापूरकर

अक्का, वरच्या साहेबांचं टूर मॅनेजरबद्दलचं म्हणणं खोटं नाही. पण लिस्बनला एक रात्र म्हणजे बसच्या काचेतून काढलेले फोटो. आम्ही घरचीच मंडळी, भाऊ-भावजया, मेव्हणा-बहीण, फक्त पोर्तुगाल करून आलो. मी बँकेतून रिटायर झालेला माणूस, हिशेब सवयीनं करतो. स्पेन केवढा मोठा देश, तो जोडला की निम्मा वेळ बसमध्येच जातो. त्याला वेगळं जावा.

मुक्काम दोनच करा, लिस्बन आणि पोर्तो. रोज बॅगा बांधायचं काम आपल्या वयाचं नव्हे. दोन्हींच्या मध्ये तीनेक तासांची रेल्वे आहे, आणि 65 च्या वरच्यांना तिथं निम्मं तिकीट. आमचा मेव्हणा चारचौघांत वय विचारलं की विषय बदलणारा माणूस. निम्मं तिकीट कळल्यापासून पासपोर्ट हातातच.

गुडघ्यांचं. लिस्बन टेकड्यांवर वसलंय आणि फुटपाथ म्हणजे मुठीएवढ्या पांढऱ्या चुनखडीच्या दगडांचे, माणसं चालून चालून गुळगुळीत झालेले. पाऊस पडला की पाय सरकतो. चपला-सँडल घरी ठेवा, रबरी तळव्याचे बूट घ्या. आणि खोल्या बाइशा भागात घ्या. 1755 च्या भूकंपात तो भाग जमीनदोस्त झाला, मग मार्केस द पोंबाल या मंत्र्यानं सरळ आखलेल्या रस्त्यांचा सपाट भाग नव्यानं उभारला. इतिहास राहू दे बाजूला, तिथं चढ नाही हे आपल्या कामाचं. ती पिवळी 28 नंबरची ट्राम फोटोत छान दिसते, पण आत खचाखच गर्दी आणि खिसेकापू. बाहेरून बघा.

लिस्बनजवळच्या सिंत्रा गावातला पेना राजवाडा बघायचाच असेल तर तिकीट आधी ऑनलाइन काढा. त्यावर आत जायची वेळ छापलेली असते आणि ती चुकली की आत सोडत नाहीत. गेटपासून वर चढ आहे, तिकीट काढतानाच वर नेणाऱ्या गाडीचं बघून ठेवा. मला विचाराल तर राजवाडा रंगीत आहे, एवढंच. आमच्या बायकांना फार आवडला.

आता लिस्बनच्या बेलेम भागाबद्दल. जेरोनिमोस मठाच्या चर्चमध्ये शिरल्या शिरल्या वास्को द गामाची समाधी आहे. हा 1524 ला कोचीनला वारला, अस्थी नंतर पोर्तुगालला नेल्या आणि 1880 मध्ये इथं आणून ठेवल्या. दगडी पेटीवर हात जोडून निजलेली मूर्ती, बाजूला गलबत कोरलेलं. आमच्यात इथं वाजलं. आमचे वडील 1955 च्या गोवा सत्याग्रहात गेलेले, पाठीवर वळ घेऊन आलेले. थोरला भाऊ म्हणाला, ह्याच्यापुढं मी उभारत नाही. तो बाहेर बागेत बसला, बाकीचे आत गेलो. कोणी कोणाला समजवायच्या भानगडीत पडलं नाही, बरं झालं.

कंपनीच्या कार्यक्रमात जे दिसत नाही ते खरं सांगतो. पेनिश. लिस्बनच्या उत्तरेला, गाडीनं दीड तासाच्या आत, समुद्रात घुसलेल्या खडकावर किल्ला. हुकूमशहा सालाझारच्या राजवटीत हा राजकीय कैद्यांचा तुरुंग होता. गोव्याचे त्रिस्ताव ब्रागांझा कुन्हा, ज्यांना गोव्याच्या राष्ट्रीय चळवळीचे जनक म्हणतात, त्यांना शिक्षा देऊन याच किल्ल्यात आणून डांबलं होतं. 25 एप्रिल 1974 ला तिथल्या सैन्यानंच ती राजवट उलथवली आणि दोन दिवसांत इथले कैदी सुटले. 2024 पासून त्याचं राष्ट्रीय संग्रहालय केलंय. कोठड्या बघायला मिळतात, आणि भेटीची खोली. कैदी एका बाजूला, बायको-पोरं दुसऱ्या बाजूला, मध्ये काच, आणि प्रत्येक शब्द ऐकायला पहारेकरी. माझी बहीण तिथं दोन्ही बाजूंनी बसून आली. बाहेर कैद्यांच्या नावांची भिंत आहे, अडीच हजारांच्या वर नावं. जेरोनिमोसच्या बाहेर बसलेला भाऊ इथं ड्रायव्हर घड्याळ दाखवायला लागला तरी हलेना.

गोवा मुक्तीसाठी लढलेल्या आपल्या मोहन रानड्यांना मात्र पेनिशला नव्हे, लिस्बनजवळच्या काशियाशच्या किल्ल्यात ठेवलं होतं. गोवा मुक्त झाला डिसेंबर 1961 ला आणि रानडे सुटले जानेवारी 1969 ला. हे आमच्या पोरांना सांगितल्यावर त्यांना आधी पटेना. तिथं अजून तुरुंगच आहे, त्यामुळं आत जाता येत नाही, पण कॅस्काइशला जाणाऱ्या रेल्वेवर काशियाश स्टेशन लागतं. आमची गाडी तिथं थांबली तेव्हा भावानं हात जोडले. समोरची पोर्तुगीज म्हातारी ह्याला काय झालं म्हणून बघत होती.

पेनिशच्या दिवशीच ओबिदुश हे तटबंदीचं गाव होतं. तिथं चॉकलेटच्या कपातून चेरीची दारू देतात. मेव्हण्याला तेवढंच लक्षात आहे. पेनिशला वारा जबरदस्त, उन्हाळ्यातसुद्धा स्वेटर लागतो. आणि सोमवार बघून ठेवा, बरीच सरकारी स्मारकं आणि संग्रहालयं त्या दिवशी बंद.

खाण्याचं. हॉटेलात बसल्या बसल्या पाव, ऑलिव्ह, चीज आणून ठेवतात. ते फुकट नव्हे, खाल्लं की बिलात येतं. नको असेल तर उचला म्हणून सांगायचं, कोणी वाईट मानत नाही. भाजीचं सूप सगळीकडं मिळतं, पण ‘काल्दो वेर्द’ या हिरव्या सूपमध्ये सॉसेजची चकती टाकतात, माळकऱ्यांनी त्यापासून लांब राहावं. आणि ते जगप्रसिद्ध पाश्तेल नावाचे गोड टार्ट म्हणजे अंड्याच्या बलकाचंच काम, तेही चालणार नाही. म्हणून स्वयंपाकघर असलेल्या खोल्या घ्या. तांदूळ, डाळ, भाजी तिथल्या सुपरमार्केटात मिळते. इकडून शेंगदाण्याची चटणी, मेतकूट, छोटा कुकर. दूध-तूप-खव्याचं काही नेऊ नका, बाहेरून दुधाचे पदार्थ आणायला युरोपात बंदी आहे. कुंदा म्हणजे काय ते कस्टमवाल्याला कोण समजावत बसणार?

मडगावची लेक, शहापूरची सून

बाई, माझे चुलते लिस्बनला असतात म्हणून जाणं-येणं आहे. वरच्या काकांनी माळकऱ्यांचं सगळं कुकरवर सोडलंय, एवढं कठीण नाही. लिस्बनला राधाकृष्णाचं मोठं देऊळ आहे, मोझांबिकहून आलेल्या गुजराती लोकांनी उभारलेलं. तिथं शाकाहारी जेवण मिळतं. मार्तिम मोनिश भागात आपल्याकडच्या आणि बांगलादेशी लोकांची दुकानं, पीठ-मसाले सगळं. चुलती तिथूनच कोथिंबीर आणते.

आणि फातिमा कुणीच सांगितलं नाही! 1917 मध्ये तिथं तीन मेंढपाळ पोरांना मदर मेरीचं दर्शन झालं म्हणतात. माझी आजी जाऊन आली तेव्हा गुडघ्यांवर चालत मूर्तीपर्यंत जाणारी माणसं बघून रडली होती. तुमच्या माळकरी वैनींना नक्की भिडेल ते. फक्त 13 मे आणि 13 ऑक्टोबरच्या आसपास जाऊ नका, लाखांनी माणसं येतात, खोल्या मिळत नाहीत.

व्हिसा शेंगेनचाच, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून एकच. ज्या देशात जास्त रात्री राहणार त्या देशाकडे अर्ज, म्हणजे कंपनीचा कार्यक्रम घेतला तर तो स्पेनकडे जाईल. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज घेतात. मोठ्यांना फी 90 युरो, आणि 30,000 युरोंचा मेडिकल विमा सक्तीचा. बोटांचे ठसे द्यायला प्रत्येकाला स्वतः जावं लागतं. पोर्तुगालचं कॉन्सुलेट पणजीत आहे, पण बेळगावच्या पत्त्यासाठी कुठलं केंद्र ते अधिकृत साइटवर पाहूनच अपॉइंटमेंट घ्या. एजंटच्या शब्दावर चोर्ला घाट उतरू नका.

टिळकवाडीची बाई

सगळ्यांचे आभार. आज सकाळी हे सगळं मोठ्यानं वाचून दाखवलं. पंचाहत्तरीचे काका इतके दिवस ‘बघू, तब्येत काय म्हणते’ असं म्हणत होते, ते पेनिश ऐकून म्हणाले, मी येतो, आणि कंपनीबरोबर असेल तर येत नाही. त्यांचा थोरला भाऊ सत्याग्रहींना रात्री भाकऱ्या पोचवायचा म्हणे. हे आम्हाला आजवर ठाऊकच नव्हतं.

खानापूरकर काका, एकच विचारते. नऊ जणांना पेनिश, ओबिदुश, फातिमा एका दिवसात होईल का? आणि गाडी कशी केली? भाषेचं काय?

हिंदवाडीवाला

बाई, काकांसाठी विमा मात्र चांगला काढा. वयावर प्रीमियम वाढतो, आणि आधीची दुखणी लपवू नका, नाहीतर क्लेम बसत नाही. बाकी तुमची मर्जी. पेनिशचं मलाही नवीन होतं.

खानापूरकर

अक्का, तीन ठिकाणं एका दिवसात बसतात, पण बसवू नका. पेनिश-ओबिदुश एक दिवस. फातिमा पोर्तोच्या वाटेवर येतं, तेव्हा त्या दिवशी रेल्वे सोडून गाडीच करा, म्हणजे सामानही बरोबर राहतं आणि वाटेत उतरून बघता येतं. नऊ माणसांना ड्रायव्हरसकट मिनीबस सांगा. नऊ सीटची व्हॅन घेऊ नका, त्यात ड्रायव्हरची सीटही धरलेली असते, एक जण बाहेर राहील, आणि बॅगा कुठं ठेवणार? मिनीबसचा भाव ठरवताना टोल आणि पार्किंग धरून की वेगळं ते लेखी घ्या.

भाषेची काळजी नको, लिस्बन-पोर्तोत इंग्रजी चालतं. आमच्या वैनी बाजारात सरळ कोंकणीत बोलायच्या आणि टोमॅटो बरोबर घेऊन यायच्या.

काकांना पेनिशला सकाळीच न्या. दुपारनंतर वारा वाढतो. आणि त्यांच्या भावाची ती भाकऱ्यांची हकिकत कुणीतरी बसून लिहून घ्या, जायच्या आधी.