पेटीत टाकलेला सदरा पुढे कुठे जातो?

सुताडा:
काल येथे 'हिरवी वाट' यांनी लिहिले की, मॉलमधल्या एका दुकानाच्या पेटीत त्यांनी दोन पिशव्या जुने कपडे टाकले, बदल्यात मिळालेल्या कुपनावर तीन नवे टी-शर्ट घेतले, आणि कपड्यांची अर्थव्यवस्था आता चक्रीय, म्हणजे जुन्यातूनच पुन्हा नवे घडवणारी, होत असल्यामुळे बोहारणीचा जमाना संपला. जुने देऊन नवे आणण्यालाच चक्र म्हणायचे असेल, तर आपली प्रत्येक दिवाळीची खरेदी चक्रीय ठरेल. २००० साली जगात सुमारे ५ कोटी ८० लाख टन तंतू तयार झाले, २०२३ मध्ये १२ कोटी ४० लाख टन. त्यात निम्म्याहून अधिक पॉलिस्टर आहे. 'पुनर्वापरातून' अशी चिठ्ठी मिरवणारे पॉलिस्टर जवळजवळ सगळे पाण्याच्या बाटल्यांचे असते आणि जुन्या कपड्यांपासून पुन्हा कपड्याचाच तंतू होण्याचे प्रमाण एक टक्काही भरत नाही. बाटलीची पुन्हा बाटली तरी झाली असती. तिचा टी-शर्ट केला की तोही रस्ता जवळपास बंद होतो.

हिरवी वाट:
आपला राग माझ्या कुपनावर आहे की चक्रीय विचारावर, हे कळले नाही. त्या पिशव्या मी घंटागाडीत टाकल्या असत्या तर आपल्याला बरे वाटले असते काय? युरोपीय संघातील देशांना १ जानेवारी २०२५ पासून कापडाचा कचरा वेगळा गोळा करणे बंधनकारक आहे, आणि न विकलेले कपडे नष्ट करण्यावर फ्रान्सने २०२० च्या कायद्याने बंदी आणली. बदल कायद्याने होतो. दोन साड्यांवर एक पातेले मिळवण्यासाठी दारात अर्धा तास घासाघीस करून होत नाही.

पंचगंगाकाठ:
इचलकरंजीत मी सव्वीस वर्षे माग चालवले. आपली ती पेटी मी पाहिलेली नाही, पानिपत मात्र पाहिले आहे. परदेशांतून गाठोड्यांनी आलेले लोकरी कोट तेथे बायका जमिनीवर बसून उभ्या पात्यावर फाडतात, बटणे, चेन आणि अस्तर काढून टाकतात आणि चिंध्यांचे रंगांप्रमाणे ढीग लावतात, म्हणजे सूत पुन्हा रंगवावे लागत नाही. पिंजताना तंतू आखूड होतो, त्यामुळे कोटाचा पुन्हा कोट होत नाही. पूर-भूकंपात वाटतात तसले जाडेभरडे ब्लँकेट होते. (कोटाचे पानिपत होते, हे तेथे शब्दशः खरे आहे.) आता नव्या पॉलिस्टरच्या मऊ ब्लँकेटांनी तो धंदाही बराचसा खाल्ला. दोष आमचाही आहे. व्यापाऱ्याने मीटरमागे दोन रुपये पाडून मागितले की आम्ही सुतात पॉलिस्टर घालत होतो, आणि एकदा मिसळलेला धागा पुन्हा निराळा करणे कोणाच्या हातचे नसते.

हिरवी वाट:
मिश्रण आपण करायचे आणि उपदेश आम्ही ऐकायचा, ही वाटणी छान आहे.

माजघर:
बोहारणीला नावे ठेवणाऱ्यांनी तिचा हात पाहिलेला दिसत नाही. मी माझ्या चार झुळझुळीत साड्या तिच्यापुढे मांडल्या, तेव्हा तिने पदर दोन बोटांत चुरगाळून सोडला आणि म्हणाली, "ताई, यात सूत न्हाई. पुसायलाबी उपेगाचं न्हाई." आईच्या विटक्या सुती नऊवारीवर मात्र तिने झाकणासकट डबा काढून दिला. नऊवारीची गोधडी होते, गोधडीचे पायपुसणे होते. आपल्या घरात हे चक्र कोणत्याही परिषदेवाचून फिरत होते.

पंचगंगाकाठ:
आमच्याकडे तिला वाकळ म्हणतात. दुकानात नव्या कापडाचे तुकडे जोडून 'गोधडी' म्हणून जे विकतात, त्याचा वाकळीशी काडीचाही संबंध नाही.

माजघर:
नावावरून भांडायचे असेल तर मराठवाड्यात या. तेथेही गोधडीच म्हणतात आणि ती आपल्या वाकळीपेक्षा दाट टाक्यांची असते.

हिरवी वाट:
आता टाके मोजायला बसलेच आहात, तर माझेही ऐका. माझी आजी वाकळ शिवत असे, कारण दुसरे पांघरूण विकत घेण्याची घरात ऐपत नव्हती. रात्री कंदिलाजवळ बसून सुईने भोके पडलेल्या तिच्या बोटांना आम्ही खोबरेल लावत होतो. तिच्या गरिबीला आज पर्यावरणाचे पदक देऊ नका. तिला विचारले असते, तर तिने ते मॉलमधले कुपन हसत घेतले असते.

सुताडा:
हे मान्य करावे लागते, आणि ते करताना मला आनंद होत नाही. पण आजीच्या कष्टांवरून पेटीचा खरेपणा सिद्ध होत नाही. स्वीडनमध्ये जुन्या सुती कपड्यांचा लगदा करून त्यातून नव्या तंतूचा कच्चा माल देणारी रिन्यूसेल ही कंपनी २०२४ च्या फेब्रुवारीत दिवाळखोरीत गेली. माल उत्तम होता, पण पुरेशा ऑर्डरी आल्या नाहीत. पेट्या ठेवणाऱ्या दुकानांनी तो लगदा घ्यायला नको होता काय? कायदाच करायचा असेल तर तो याच ठिकाणी करावा.

हिरवी वाट:
निदान 'कायदा' हा शब्द तरी आपल्या तोंडून निघाला. एक कुपन अजून पडून आहे, कोणाला हवे असेल तर घ्यावे. आणि 'माजघर' यांना विचारतो: आईच्या सात सुती नऊवाऱ्या कपाटात आहेत, वाजवी मजुरीत वाकळ शिवून देणारी बाई आपल्या माहितीत आहे काय?

माजघर:
आहे. पण ती गोधडी शिवते.