एरिक कॅम्पबेल: चार्लीसमोरच्या धिप्पाड माणसाचं काम वर्गात कसं दाखवावं?

पडदा_उघडा:
फिल्म सोसायटीच्या वर्गासाठी मूक विनोदपटांतल्या सहायक नटांवर दीड तासाचं सत्र बसवतोय. मध्यवर्ती नट एरिक कॅम्पबेल, चॅप्लिन म्युच्युअल या कंपनीसाठी चित्रपट करत होता त्या काळातला तो वर चढवलेल्या भुवयांचा आडदांड माणूस. कोणते चित्रपट कोणत्या क्रमाने लावावेत? ‘अंगाने मोठा होता’ यापलीकडे त्याच्या कामात काय दाखवता येईल? शिवाय माझ्याकडे ‘ईझी स्ट्रीट’च्या दोन फायली आहेत, एक २० मिनिटांच्या आसपास, दुसरी २४. छोटीतून काही कापलंय का?

रीळमोजणी:
आधी फायलींचं. लांबीवरून कापाकापी ठरवू नका, फरक बहुतेक वेगाचा असतो. ३५ मिमी फिल्मच्या एका फुटात १६ फ्रेम बसतात. दोन रिळांचा चित्रपट १८०० फूट धरला तर २८,८०० फ्रेम झाल्या. सेकंदाला २४ फ्रेमने चालवला की २० मिनिटं, २० फ्रेमने २४ मिनिटं, १८ने साधारण पावणेसत्तावीस. म्हणजे तुमच्या दोन्ही फायली पूर्ण असू शकतात. खात्री करायची तर दोन्ही शेजारी लावून प्रसंगांचा आणि मधल्या मजकुराच्या पाट्यांचा क्रम जुळवा.

२० फ्रेमवाली, म्हणजे २४ मिनिटांची घ्या. मात्र वेग ‘खऱ्या आयुष्याइतका’ करायच्या भानगडीत पडू नका. तेव्हा कॅमेरा हाताने फिरवत आणि विनोदपटांत मुद्दाम थोडा हळू फिरवत, म्हणजे पडद्यावर हालचाल जलद दिसे. नटांनी त्या वेगाचा हिशेब धरूनच काम केलंय. फार संथ केलं की मार खरा वाटायला लागतो आणि हसू येत नाही.

वर्गात फ्रेम मोजून दाखवणार असाल तर एक सांभाळा: २० फ्रेमचा चित्रपट २४च्या व्हिडिओत भरताना दर पाच फ्रेममागे एक दुबार टाकलेली असते. ती वजा करा.

दुसरी_भूमिका:
क्रमाबद्दल. कॅम्पबेलची सगळी महत्त्वाची कामं १९१६ च्या मे ते १९१७ च्या ऑक्टोबरमधली आहेत. म्युच्युअलसाठी चॅप्लिनने १२ चित्रपट केले, त्यांतल्या ११ मध्ये तो आहे. फक्त ‘वन ए.एम.’मध्ये नाही, कारण तो चित्रपट जवळपास एकपात्री आहे. २० डिसेंबर १९१७ ला लॉस एंजेलिसमध्ये मोटार अपघातात तो गेला. इतकी छोटी कारकीर्द असल्याने तारखेप्रमाणे दाखवण्यात अर्थ नाही, कामाच्या जातीप्रमाणे लावा.

सुरुवात ‘ईझी स्ट्रीट’ने करा. चार्ली दंडुका हाणतो आणि याच्या चेहऱ्यावर काहीच उमटत नाही. इथे फाइल थांबवून पोरांना विचारा, विनोद कोणी केला? चार्ली मारतोय, पण हसू येतं ते न हलणाऱ्या चेहऱ्यामुळे. मग तो ताकद दाखवायला दिव्याचा खांब वाकवतो, चार्ली पाठीवर उडी मारून दिवा त्याच्या डोक्यावर चढवतो आणि गॅस सोडतो. कॅम्पबेल किती सावकाश ढिला पडतो ते पाहा. तो एकदम कोसळला असता तर चार्लीला नाडी बघायला वेळच उरला नसता. समोरच्याला जागा आणि वेळ करून देणं, हेच सहायक नटाचं खरं काम.

नंतर ‘द क्युअर’. गाउटने (सांधेदुखीच्या आजाराने) सुजलेला, पट्ट्यांत गुंडाळलेला त्याचा पाय फिरत्या दारात अडकतो. तो पाय दुखतोय यावर त्याचा स्वतःचा पूर्ण विश्वास दिसतो, प्रत्येक धक्क्याला तो आधी पाय वाचवतो. ‘द रिंक’मधला जेवणाचा प्रसंगही घ्या: वेटर चार्ली त्याच्या कपड्यांवरचे डाग बघून बिल करतो आणि हा तपासून घ्यायला दिल्यासारखा स्थिर बसतो.

तुलनेला मॅक स्वेन ठेवा, ‘द गोल्ड रश’मधला बिग जिम. देह तोही मोठा, पण वागणं गुबगुबीत, लवकर हळवं होणारं. कॅम्पबेल कधीच प्रेक्षकांची दया मागत नाही. तो इंग्लंडच्या रंगभूमीवरून, फ्रेड कार्नोच्या विनोदी नाट्यमंडळीतून आलेला होता, चॅप्लिनही तिथलाच. शब्दांवाचून वेळ साधायची तालीम दोघांना एकाच घराण्याची.

काजळ_आणि_पांढरा:
रंगभूषेवर पाच मिनिटं ठेवाच. त्या काळच्या ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मला लाल रंग दिसत नसे. लाल गोष्ट काळी उमटे, निळी फिकट. त्वचेवरचे लालसर डागही काळपट येत, म्हणून चेहऱ्याला फिकट रंगाचा जाड थर देत. कॅम्पबेलच्या भुवया त्या पांढऱ्यावर कपाळाकडे चढत्या काढलेल्या. चौकटीत माणूस हाताएवढा दिसत असला तरी रागाची दिशा त्यावरून कळते. क्लोज-अप फारसे नसल्यामुळे हे गरजेचं होतं.

प्रिंट घेताना १९३२ च्या ध्वनी जोडलेल्या आवृत्त्या टाळा. ध्वनिपट्टीसाठी चित्राची डावी कड गेलेली असते. धिप्पाड माणूस आणि लहानखुरा माणूस यांच्यातलं अंतर हाच विनोद असतो, तिथे कड जाणं परवडत नाही. दोन्ही प्रतींतली एकच चौकट थांबवून डावीकडची भिंत किती दिसते ते ताडून बघा.

पडदा_उघडा:
फार उपयोग झाला. शेवट ‘द इमिग्रंट’ने करावा म्हणतोय. कुठून लावू?

दुसरी_भूमिका:
हॉटेलातून लावा. आधी एका गिऱ्हाइकाचे दहा सेंट कमी पडतात आणि वेटर मिळून त्याला बदडतात. ते सोडू नका, पुढची सगळी भीती त्यावर उभी आहे. सुरुवातीच्या चित्रीकरणात कॅम्पबेलची हेडवेटरची भूमिका चॅप्लिनच्या संचातलाच नट हेन्री बर्गमन करत होता; टिकून राहिलेल्या, चित्रपटात न घेतलेल्या फिल्ममध्ये ते दिसतं. तो गोल, सौम्य चेहरा धाक घालू शकेना, म्हणून कॅम्पबेल आला आणि बर्गमनला चित्रकाराची भूमिका मिळाली. बर्गमनची ती दृश्यं मिळाली तर दोन्ही एकामागोमाग दाखवा. मग चार्लीने दिलेलं नाणं कॅम्पबेल दाताखाली धरतो आणि ते वाकतं, तिथपर्यंत अजिबात थांबवू नका. नाण्यावरून नजर उचलून चार्लीकडे नेताना तो घाई करत नाही. तेवढा तुकडा दुसऱ्यांदा, आवाज बंद करून लावा.